दाबाची पायरी

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा त्या भूभागाचा राज्यकारभार नागपुराहून चालत असे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादाच्या अशा कारखान्यात प्रचंड विद्युत्‌यंत्रे चालू-बंद होत असतात आणि त्यांची खळबळ शेजारच्या तारांतही उमटते. एका यंत्राने दुसऱ्यास धाडलेला क्षीण संकेत त्यामुळे वाटेतच विपरीत होऊ शकतो. भट्टीच्या तापमानाचा आकडा असा बदलला, तर त्याचे परिणाम सांगावयास नकोत.

या गोंगाटापासून संदेश सांभाळण्याची एक रीत 'आरएस-२३२' या अमेरिकन मानकात आढळते. ते १९६० साली ठरले, ते मुख्यतः दूरमुद्रकांसारखी यंत्रे टेलिफोनच्या तारेला जोडणाऱ्या उपकरणांसाठी. परंतु पुढे त्याचा शिरकाव कारखान्यांतही झाला. १९६९ च्या सुधारित मानकात शून्यासाठी धन दाब, एकासाठी ऋण दाब, आणि उणे ३ ते अधिक ३ व्होल्ट यांमधील पट्टा निरर्थक, असे ठरले. दोन अर्थांमध्ये असे मोकळे रान राखल्यामुळे लहानसहान खळबळीने संदेशाचा अर्थ पालटत नाही.

मात्र याच काळात गणकयंत्रांतील मंडले ५ व्होल्टांवर चालू लागली. ऋण दाब तर त्यांच्यापाशी नव्हताच. केवळ संदेशासाठी निराळे वीजपुरवठे बसविणे खर्चाचे व अडचणीचे होते.

या अडचणीचे उत्तर फार जुन्या वस्तूत दडलेले होते. क्लाइस्टने १७४५ मध्ये आणि लायडन येथे मुशेनब्रूकने १७४६ मध्ये विद्युत्‌भार साठविणारी बरणी सिद्ध केली. आजचा कपॅसिटर, अर्थात धारित्र, तिचाच वंशज होय. १९३२ साली केंब्रिज येथे कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी धारित्रांची शिडी रचून काही लाख व्होल्टांचा दाब निर्माण केला व लिथियमचे अणुकेंद्र फोडले. १९५१ चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. हीच युक्ती सिलिकॉनच्या चकतीवर कशी उतरवावी, हे डिक्सनने १९७६ साली दाखविले. पुढील दशकात आलेल्या 'मॅक्स २३२' या चिपने संदेशांसाठी लागणारे दोन्ही दाब एका ५ व्होल्टांतूनच मिळवून दिले.

तिची कृती घागरीच्या दृष्टांताने समजते. चिपमधील विद्युत्‌कळा प्रथम धारित्र ५ व्होल्टांनी भरतात. मग त्याचा खालचा पाय जमिनीवरून उचलून ५ व्होल्टांच्या पायरीवर ठेवतात, तेव्हा वरचे टोक १० व्होल्टांवर पोहोचते. ही साठवण दुसऱ्या धारित्रात ओतली जाते. तिसरे धारित्र या १० व्होल्टांनी भरून त्याचे धन टोक जमिनीस जोडले, की दुसरे टोक आपोआप उणे १० व्होल्टांवर उतरते. ते चौथ्यात साठते. हा फेरा सेकंदाला हजारो वेळा चालतो.

तथापि येथे काही फुकट मिळत नाही. दाब दुप्पट झाला, की मिळणारा प्रवाह निम्म्याहून अधिक उरत नाही, आणि ओझे वाढले की १० व्होल्टांचे ८ होतात. मोट पाणी वर आणते. नवे पाणी निर्माण करीत नाही. परंतु संकेताला लागतो तो उंच आवाज, बळ अल्पच पुरते. म्हणूनच चार चिमुकली धारित्रे गोंगाटातही शब्द शाबूत पोहोचवितात.