इंजिन एकाचे, गाडी दुसऱ्याची

भिवंडी हे विणकरांचे गाव. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची कुटुंबे इकडे आली, आणि मागाचा खटखटाट कायमचा वस्तीला राहिला. हातमागाच्या जागी पुढे विजेचे माग आले. १९८२ च्या संपाने मुंबईच्या गिरण्या थंडावल्या, तेव्हा तिथले कितीतरी जुने माग भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पुन्हा धावू लागले. एकाने टाकलेले यंत्र दुसऱ्या जागी जुळवून घ्यावे, ही अशा गावातल्या मिस्त्रीची रोजचीच विद्या. म्हणूनच मोटारसायकलचे इंजिन काढून घरी बांधलेल्या चारचाकीला बसवण्याचा खटाटोप या गावाला परका वाटू नये. मात्र या खटाटोपाचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. अशी गाडी इंजिनावाचून अडत नाही. ती अडते जागेवाचून.

गो-कार्ट म्हणजे जमिनीला टेकेल इतकी ठेंगणी, बिनछपराची गाडी. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, मागे एकच सरळ आस आणि त्या आसावर दात्यांचे चाक. इंजिनाच्या स्प्रॉकेटवरून चेन थेट तिथे येते. ऐकायला सोपे, पण इथेच हिशेब सुरू होतो. मोटारसायकलचे चाक दोन फूट व्यासाचे धरले, तर एका फेऱ्यात ते सव्वासहा फूट जाते. कार्टचे अकरा इंची चाक तीन फूटही जात नाही. दाते तेच ठेवले तर ओढ दुपटीने वाढते आणि वेग निम्म्याहून खाली येतो. म्हणून स्प्रॉकेट बदलावे लागते. दुसरी अडचण वाऱ्याची. मोटारसायकलचे इंजिन समोरच्या वाऱ्याने थंड होते. तेच चालकाच्या पाठीमागे गेले की गुदमरते. तिसरी अडचण वळणाची. मागची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट असल्याने वळताना आतले चाक फरफटते. ते क्षणभर उचलले जावे, म्हणून सांगाडा थोडा लवावा लागतो. फार ताठ सांगाडा हा इथे दोषच ठरतो.

हे गणित परदेशातही घरगुती कारखान्यांतच सुटले. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडात पैसा आणि पेट्रोल दोन्ही दुर्मिळ होते. १९४६ साली सर्बिटन येथे चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी फियाटच्या दोन छोट्या मोटारींची पुढची अंगे पाठीला पाठ लावून जोडली. त्यात मोटारसायकलचे ५०० सी.सी.चे जॅप इंजिन बसवले. चेन मागच्या चाकांना सोयीने जोडता यावी, म्हणून इंजिन मागे ठेवले. सोयीसाठी केलेल्या या मांडणीने पुढे शर्यतीच्या मोटारीचे रूपच पालटले. १९५९ आणि १९६० साली जॅक ब्रॅबम मागे इंजिन असलेल्या कूपरवरच जगज्जेता झाला. अमेरिकेत १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या मोटार-कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर चढवले. तीच पहिली कार्ट मानतात.

या दोघांनाही एक भाग्य लाभले. इंग्लंडात हौशी मंडळींनी ५०० सी.सी.च्या गाड्यांचे नियम स्वतःच आखले होते आणि १९५० साली त्यांना फॉर्म्युला तीन म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. कार्टचा क्लब १९५७ सालीच निघाला. घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर यायची गरजच उरली नाही. तिला तिचे मैदान मिळाले.

आपल्याकडे काय झाले? भिवंडीसारखेच यंत्रमागांचे दुसरे गाव म्हणजे इचलकरंजी. तिथल्या शंकरराव कुलकर्णी यांनी छोट्या, स्वस्त मोटारीचा ध्यास घेतला. त्यांच्या ‘मीरा’चा पहिला नमुना १९४९ सालचा. पुढची दोन तपे ते एकामागून एक सुधारलेले नमुने बांधत राहिले. बारा हजार रुपयांत मोटार देण्याचा त्यांचा मनोदय होता. पण परवान्यांच्या त्या काळात मीरा कारखान्यापर्यंत पोचलीच नाही.

अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातले. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे. तिथले दत्तात्रय लोहार. त्यांनी भंगारातले भाग जमवून सुमारे साठ हजार रुपयांत दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बांधली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असेही बजावले. जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली.

यात कायद्याला दोष देऊन चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. नव्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी पार करावी लागते. ब्रेक तुटलेली घरगुती गाडी भर रस्त्यात आली, तर तिची किंमत पादचाऱ्याने मोजायची. कारागिराचे कौतुक खरे. पादचाऱ्याचा जीवही खराच.

तेव्हा वाट एकच उरते, ती मैदानाची. कोल्हापूरने हे ओळखले आहे. तिथल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी मोटारसायकलचे इंजिन लावून कार्ट बांधतात आणि स्पर्धेत उतरवतात. मात्र लेथवर हात बसलेल्या, पण महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या पोराला तिथे प्रवेश नाही. भिवंडीत आज मैलोगणती गोदामे उभी आहेत. त्यांच्या आवारांत मालमोटारी वळवण्यापुरते काँक्रीटचे विस्तीर्ण अंगण असतेच. वर्षातून एका रविवारी त्यातले एखादे मोकळे ठेवावे, कडेला जुन्या टायरांची भिंत रचावी, आणि ब्रेक तपासून मगच गाडी आत सोडावी. सर्बिटनला जे घडले ते इथेही घडेल, अशी हमी कोणी द्यावी? पण त्या पोराची गाडी हमरस्त्यावर पोलिसाच्या हाती सापडण्याऐवजी आपल्या वळणावर कशी वळते, एवढे तरी त्याला पाहता येईल.