आजचं हसून संपलं

आमच्या शिरगावात शेजारी राहणारी एक मुलगी मुंबईला दुकानात विक्रेती आहे. रात्री उशिराच्या लोकलने ती बदलापूरला उतरते. एकदा मी सहज विचारलं, ‘‘बेटा, आज गप्प का?’’ म्हणाली, ‘‘चाचा, आजचं हसून संपलं.’’

कामावर माणसाला काय वाटतं, याचा शास्त्रीय अभ्यास तसा अलीकडचा. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. उजेड वाढवला तर काम वाढतं का, इथून सुरुवात झाली. नुसत्या उजेडाने उत्तर मिळेना, तेव्हा वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. वरिष्ठांची वागणूक आणि सोबत्यांचा आधार यांनाही मोल आहे, असं अभ्यासकांना दिसलं. पण विचारणारी कंपनीच होती. तिला हवं होतं ते जास्तीचं काम.

त्याच्या चाळीस वर्षं आधी मुंबईतले कामगार स्वतःहून बोलले होते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. साडेपाच हजार सह्यांच्या अर्जात रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार मागितला होता. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. वरवर या मागण्या वेळेच्या आणि पैशाच्या. मुळाशी मात्र एकच म्हणणं होतं : आम्ही यंत्र नाही.

पुढे १९८३ मध्ये आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला. मनातलं दाबून चेहऱ्यावर ठरलेलं हसू आणणं, हेही पगारासाठी केलेलं कामच. त्यांनी त्याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. शेजारच्या मुलीने तीच गोष्ट तीन शब्दांत सांगितली.

गिरणीतल्या थकव्याला भोंगा तरी होता. हसण्याच्या थकव्याची नोंद कुठल्या हजेरीपुस्तकात होते?

आज रविवार. तुम्ही-आम्ही निवांत आहोत. ती मात्र कामावर गेली आहे, कारण रविवारीच दुकानात गर्दी असते. लोखंड्यांनी मागितलेला दुपारचा तो अर्धा तास आता तिच्यासाठी मागायला हवा. तेवढा वेळ तिला कुणाकडे पाहून हसावं लागू नये.