खत परत घेतलंत का? सुप्याच्या बाजारापासून क्रेडिट कार्डापर्यंत

क्रेडिट कार्ड ठेवावं की बंद करावं, हा प्रश्न हल्ली तालुक्याच्या गावातही रोज कानावर येतो. काही वर्षांपूर्वी हा पुण्या-मुंबईच्या नोकरदारांचा विषय होता. आता शिक्षक, एसटीतले कर्मचारी, मोबाइलचे दुकानदार, पोल्ट्रीवाले, सगळ्यांच्या पाकिटात कार्ड सापडतं. सल्लेही दोन टोकांचे. एक म्हणतो, "फेकून दे, सावकारीच आहे ती." दुसरा म्हणतो, "बंद करू नको, सिबिल पडेल." दोघांचंही खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कळायला दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांना, घरांना वेढा घातला. त्यांना मुख्यतः हवे होते ते कागद. खतं, रोखे, वह्या ताब्यात घेतल्या आणि जाळल्या. मग हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत गावोगाव पसरलं. जिथे सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले, तिथे सहसा मारहाण झाली नाही, असं पुढे चौकशीत दिसलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

कागदावरच राग का? त्याला कारण आहे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल तेवढं कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मिळणं बंद झालं. सारा मात्र वाढलेला. त्यात १८५९चा मुदतीचा कायदा. कर्जाच्या साध्या खताला तीन वर्षांची मुदत घालावी, म्हणजे व्याज वर्षानुवर्षं साचणार नाही, हा हेतू चांगलाच होता. पण सावकारानं वाट काढली. दर तीन वर्षांनी नवं खत. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं, त्या नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज. अंगठा देणाऱ्याला आत काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. पैसे फेडले तरी पावती मिळत नाही, ही तक्रार तर जागोजाग होती.

म्हणजे माणूस कर्ज घेतो यावर कुणाची हरकत नव्हती. पेरणीला, लग्नाला, बैल घ्यायला पैसे लागायचेच. खातं कधी मिटलं हे ठरवायचा अधिकार एकट्या सावकाराकडे होता, ते खरं दुखणं होतं.

सरकारलाही ते कळलं. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, आधी पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासायची मुभा न्यायालयाला मिळाली. फेडीची पावती देणं आणि मागितल्यास वर्षाचा हिशोब देणं सावकारावर बंधनकारक झालं. या कायद्यानं कर्जबाजारीपणा संपला नाही. पण हिशोब मागणं हा ऋणकोचा हक्क आहे, हे कागदावर आलं.

आता कार्डाकडे येऊ.

१९५०मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचं कार्ड निघालं. महिनाभर हॉटेलात खा, महिन्याच्या शेवटी सगळं बिल एकदम भरा. ही आपल्या किराणा दुकानातली उधारीची वही. पगार झाला की मिटवायची, व्याज नाही. १९५८मध्ये बँक ऑफ अमेरिकेनं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार कार्डं टपालानं घरोघरी पाठवली, कुणी मागितली नसताना. त्या कार्डात नवी सोय होती. सगळं बिल भरायची गरज नाही, थोडं भरा, बाकी पुढे ओढा, त्यावर व्याज. हेच कार्ड पुढे 'व्हिसा' झालं. भारतात १९८०च्या सुमारास सेंट्रल बँकेनं कार्ड आणलं.

थोडक्यात, आपल्या खिशातल्या एकाच कार्डात दोन वस्तू आहेत. एक उधारीची वही आणि दुसरं सावकाराचं खत. कोणती वापरायची हे आपण दर महिन्याला बिल भरताना ठरवतो.

पूर्ण बिल मुदतीत भरलं तर ती वही. 'मिनिमम ड्यू' भरलं तर ते खत. बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास आहे. आपल्याकडे खाजगी सावकार शेकडा तीननं पैसे देतो तेव्हा आपण त्याला काय म्हणतो? हिशोब करून बघा. ५०,००० रुपये थकलेत. साडेतीन टक्क्यांनी व्याज १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये, एकूण २,०६५. किमान भरणा ५ टक्के धरला तर तुम्ही २,५०० भरता. मुद्दल उतरलं फक्त ४३५ रुपयांनी. शिवाय बाकी ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

या व्याजाला लगाम आहे का? आपल्या जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता, थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही असा. बँकांच्या बाबतीत १९८४पासून कायदाच सांगतो की व्याजदर जास्त आहे एवढ्या कारणावरून न्यायालयानं व्यवहार उकरू नये. २००८मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. म्हणजे दराच्या बाबतीत आपलं आपणच सांभाळायचं.

पण खातं मिटवण्याच्या बाबतीत आज आपण सुप्याच्या शेतकऱ्यापेक्षा बळकट आहोत, आणि हे बहुतेकांना माहीतच नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२२मध्ये तसे निर्देश काढले. देणं पूर्ण भरलेलं असेल तर कार्ड बंद करायचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत मार्गी लावायचा. उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये दंड, तोही ग्राहकाला. न मागता कार्ड द्यायचं नाही, विचारल्याशिवाय मर्यादा वाढवायची नाही. थकलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही. हा शेवटचा नियम वाचला की १८५९ नंतरची ती नवी-नवी खतं आठवतात.

राहिला सिबिलचा प्रश्न. २००० साली ही संस्था स्थापन झाली. पूर्वी माणसाची पत गावाच्या तोंडी असायची, आता ती तिथे नोंदलेली असते. जुनं कार्ड बंद केलं की तुमची एकूण मर्यादा कमी होते, त्यामुळे उरलेल्या कार्डांवरचा वापर टक्केवारीत जास्त दिसतो आणि गुण थोडे खाली येऊ शकतात. पण बंद खात्याचा चांगला इतिहास लगेच पुसला जात नाही. आणि गुण सर्वात जास्त मार खातात ते हप्ते चुकल्यानं. तेव्हा गुण टिकवायला थकीत कार्ड चालू ठेवणं म्हणजे अब्रू राखायला कर्ज काढणं झालं.

माझं मत सांगतो. वार्षिक शुल्क नाही, बिल दर महिन्याला पूर्ण भरता, तर सर्वात जुनं कार्ड ठेवा. सहा-आठ महिन्यांत घरकर्ज काढायचं असेल तर तोवर काही बंद करू नका. शुल्क भरून वापर नाही, किंवा सलग दोन-तीन महिने किमान भरण्यावर आलात, तर वापर आज थांबवा, जमेल तिथून कमी व्याजाचे पैसे उभे करून फेडा आणि बंद करा. माझ्याकडची दोन कार्डं याच कसोटीवर लावली. शुल्क खाणारं या महिन्यात बंद करतोय, जुनं ठेवतोय.

बंद करताना फोनवर "झालं सर" एवढ्यावर थांबू नका. लेखी अर्ज, अर्जाचा क्रमांक आणि देणं शून्य असल्याचं पत्र घ्या. आधी त्या कार्डावरचे आपोआप कापले जाणारे हप्ते आणि वर्गण्या दुसरीकडे वळवा. महिना-दीड महिन्यानं सिबिलचा अहवाल काढून खातं 'बंद' दाखवतंय का बघा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो कागद जपून ठेवा. सुप्याच्या लोकांना तो मिळत नव्हता, म्हणून त्यांना काडी ओढावी लागली.