मातीतला रुपया आणि कलेक्टरांना अर्ज

खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या काठी उंबरखिंडीच्या लढाईचं स्मारक आहे. फेब्रुवारी 1661 मध्ये शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान घाट उतरून कोकणात निघाला होता. बरोबर माहूरची रायबागन. शिवाजी महाराजांनी या दाट रानातल्या अरुंद वाटेत त्याची फौज कोंडली. खान शरण आला आणि सामान टाकून, खंडणी देऊन सुटला. ‘सामान टाकून’ हे दोन शब्द तेव्हापासून लोकांच्या डोक्यातून काही जात नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी तिथं गेलो, तर दोन तरुण कानाला हेडफोन लावून माळावर यंत्र फिरवत होते. मेटल डिटेक्टर. माझी दाढी-टोपी पाहून एकजण जवळ आला. “चाचा, उर्दू येतं ना? हे वाचा बरं. खानाच्या खजिन्यातलं आहे.” हातात चांदीचा रुपया. अक्षरं फारसी होती आणि झिजलेली, तरी नाव लागलं : शाह आलम.

मला हसू आलं. शाह आलम बादशहा झाला 1759 मध्ये, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. शिवाय फारसी अक्षरं म्हणजे मुघलांचा पैसा, हेही खरं नाही. पेशवाईतल्या टांकसाळींत पडलेल्या कित्येक रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचंच नाव असे. पुण्याचा अंकुशी रुपया घ्या. नाव बादशहाचं आणि खूण अंकुशाची. तो रुपया ब्राह्मणाच्या दक्षिणेत होता, मुसलमानाच्या मेहेरमध्ये होता आणि घाटावरून मीठ न्यायला आलेल्या वंजाऱ्याच्या कमरेलाही होता. ‘शत्रूचं सोनं’ समजून उकरायला जावं, तर हाती आपलाच बाजार लागतो.

मार्च 2025 मध्ये ‘छावा’ चित्रपट पाहून बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाखालच्या शेतांत लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन उतरले होते. पोलिसांना जावं लागलं. आमच्याकडे एवढी गर्दी नसते. दोघे-तिघे, सुट्टीच्या दिवशी.

“जमीन कुणाची?” मी विचारलं. “सरकारी असेल.” सरकारी म्हणजे कुणाचीच नाही, असं आपल्याकडे समजतात. हा माळ वनखात्याच्या राखीव जंगलात असेल, तर तिथं विनापरवाना जमीन उकरणं 1927 च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. कर्जतजवळची कोंढाणे लेणी तर केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. 1958 च्या कायद्यानुसार अशा क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रानं 2013 मध्ये कायदा केला. पण ही पोरं काही मांत्रिक नव्हती.

त्यांना लागू होतो तो 1878 चा निधी कायदा, इंग्रजांच्या वेळचा. त्यात या यंत्राचं नाव असणं शक्यच नव्हतं. त्यानंतर तीन वर्षांनी, 1881 मध्ये, ग्रॅहम बेलनं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला असलं यंत्र लावलं, आणि तेही फसलं. कायदा मात्र साधा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर काय सापडलं, कुठं आणि कधी, हे कलेक्टरांना लेखी कळवायचं आणि ते धन सरकारी कोषागारात जमा करायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि हिस्साही जातो.

“मग आम्हाला काय मिळणार?” दुसऱ्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. धनावर जुन्या मालकाचा हक्क शाबीत झाला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करारही नसला, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. सरकारला वस्तू हवी असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. हे ऐकून दोघे चाटच पडले. कायदा आपल्याला चोर समजतो, अशीच त्यांची समजूत होती.

पण मला खटकत होतं ते वेगळंच. लहानपणी आजोबांच्या भाताच्या खाचरात मला तांब्याची शिवराई सापडली होती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. मी ती चार गोट्यांना देऊन टाकली. आज कुठलं खाचर, किती खोल, शेजारी खापर होतं की कोळसा, काहीच सांगता येत नाही. कोंढाण्याच्या लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याचं नाव कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांनीही त्याची साक्ष टिकली, कारण तो दगड कुणी खिशात घालून नेला नाही.

खोपोलीला येऊन आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. मी वहीचं पान फाडून अर्ज लिहायला घेतला : मा. जिल्हाधिकारी, रायगड, अलिबाग. वस्तू : चांदीचा रुपया, एक. दिनांक लिहिला. मग ‘ठिकाण’ आलं.

दोघे एकमेकांकडे पाहू लागले. सकाळपासून त्यांनी वीस-पंचवीस खड्डे केले होते. एकजण म्हणाला, ओढ्याच्या वरच्या अंगाला. दुसरा म्हणाला, नाही, पळसाखाली. चहा निवला. अखेर त्यांनी मोटारसायकल काढली, अर्ज आणि रुपया पाकिटात घातला आणि परत चावणीच्या रस्त्याला लागले. पेन माझंच घेऊन गेले.