घुमा, एकलकोंडा, अंतर्मुख

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या मूल्यमापन पत्रकावर आम्ही दोघींनी मिळून एक शेरा लिहिला : ‘अभ्यासू, परंतु अंतर्मुख. वर्गातील सहभाग अल्प.’ तोंडी परीक्षेत तिला वीसपैकी सात गुण मिळाले होते आणि हा शेरा म्हणजे त्या सात गुणांचे आम्ही केलेले समर्थन होते. पुढे काही कामानिमित्त अलोऱ्याला जाणे झाले, तेव्हा तिची आई भेटली. शेऱ्यातल्या शब्दाचा अर्थ तिला कोणीतरी सांगितला असावा. ती म्हणाली, “घरात तोंड मिटत नाय हो तिचं, मॅडम. तुमच्याकडंच काय होतं?”

त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पण मराठी शिकवणाऱ्या माणसांनी एक शब्द इतक्या सहजपणे वापरावा आणि त्याचा अर्थ स्वतःलाच विचारू नये, ही बोच राहिली. त्या बोचेपायी जे वाचन झाले, त्यातले काही येथे मांडत आहोत.

न बोलणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. घुमा, मुखदुर्बळ, एकलकोंडा, माणूसघाणा, भिडस्त, लाजरा, अबोल, मितभाषी, आतल्या गाठीचा. ही नुसती यादी वाचली तरी लक्षात येते, की यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द वर्णन करण्याआधी निकाल देतो. घुमा म्हटले की मनात काहीतरी शिजत असल्याचा संशय आला; आतल्या गाठीचा म्हटले की कपट आले. माणूसघाणा या शब्दाने न बोलण्याचे कारण माणसांचा तिटकारा हेच असल्याचे परस्पर ठरवून टाकले. मुखदुर्बळाला आपण कीव देतो, भिडस्ताला थोडी माया. मितभाषी हा एकच शब्द निखळ गौरवाचा, पण तो बहुधा पद आणि वय मिळाल्यावरच लाभतो; वीस वर्षांच्या मुलाला मितभाषी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. शिवाय अबोल मुलगी स्थळ म्हणून चांगली आणि अबोल मुलगा मुलाखतीत नापास, हा हिशेब निराळाच.

या सगळ्या शब्दांच्या गर्दीत ‘अंतर्मुख’ सभ्य वाटतो, शास्त्रीय वाटतो. म्हणूनच आम्ही तो शेऱ्यात लिहिला. पण या शब्दाला दोन घराणी आहेत. पहिले वेदान्ताचे आणि योगाचे. इंद्रियांची धाव स्वभावतःच बाहेर असते, ती विवेकी पुरुष आत वळवतो, ही कल्पना कठोपनिषदाइतकी जुनी आहे. या अर्थाने अंतर्मुखता हा जन्मजात स्वभाव नसून साधनेने मिळवायची अवस्था आहे. दुसरे घराणे अगदी अलीकडचे, कार्ल युंग या स्विस मनोवैज्ञानिकाचे. त्याचा मनुष्यप्रकारांवरील ग्रंथ १९२१ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला आणि दोन वर्षांत इंग्रजीत आला. मानसशास्त्र मराठीत आले तेव्हा त्याच्या दोन संज्ञांसाठी अंतर्मुख आणि बहिर्मुख हे तयार शब्द हाताशी होते, ते वापरले गेले. शब्द जुना, अर्थ नवा. परिणाम असा झाला, की मराठीत अंतर्मुख माणसाबद्दल दोन परस्परविरोधी समजुती एकाच वेळी नांदतात. एक म्हणते, हा सखोल, चिंतनशील, जवळजवळ संतच. दुसरी म्हणते, याचा व्यक्तिमत्त्व विकास राहिला आहे.

युंगला यांपैकी काहीच म्हणायचे नव्हते. त्याचा प्रश्न माणसाच्या मनाची ऊर्जा कोणत्या दिशेने वाहते एवढाच होता : बाहेरच्या वस्तूंकडे व माणसांकडे, की आतल्या अनुभवाकडे. निखळ अंतर्मुख किंवा निखळ बहिर्मुख माणूस त्यालाही मान्य नव्हता. पुढच्या मानसशास्त्रज्ञांनी तर ही दोन खोकी मोडून एक सलग पट्टीच केली, आणि तिच्यावर बहुतेक माणसे मधल्या भागात कुठेतरी सापडतात. लाजाळूपणा ही आणखी वेगळी बाब. अमेरिकेत फिलिप झिंबार्डो याने १९७०च्या दशकात तिचा स्वतंत्र अभ्यास केला. लाजऱ्या माणसाला मेळाव्यात जायचे असते, पण भय वाटते. अंतर्मुखाला भय वाटतेच असे नाही. तो जातो, नीट बोलतो, आणि थोड्या वेळाने त्याला घराची ओढ लागते. एकाच माणसात हे दोन्ही असू शकते, तसे फक्त एकही असू शकते.

आपल्या परंपरेला हा भेद अगदीच अपरिचित नव्हता. तुकोबा भामचंद्र आणि भंडारा या डोंगरांवर एकांतासाठी जात आणि खाली येऊन कीर्तनाला उभे राहत. रामदासांची टाकळीची तपश्चर्या आणि पुढे त्यांनी उभारलेले मठांचे जाळे या गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. एकांतप्रिय माणूस लोकविन्मुख असतो, ही समजूत तेथे लागू पडत नाही. ती आपल्याकडे कधी रुजली हे नेमके सांगणे अवघड आहे. तिचे परिणाम मात्र आधुनिक कवितेच्या आपल्या अध्यापनात स्पष्ट दिसतात.

केशवसुतांचेच पाहू. ते आमच्याच जिल्ह्यातले, मालगुंडचे. जन्म १८६६, मृत्यू १९०५. जवळजवळ प्रत्येक क्रमिक टिपणात त्यांचे वर्णन अबोल, संकोची, एकांतप्रिय असे येते, आणि पुरावा म्हणून बहुधा त्यांच्या छायाचित्राचा दाखला दिला जातो : केशवसुतांचे छायाचित्र उपलब्ध नाही, कारण त्यांना प्रसिद्धीचा तिटकारा. आम्हीही वर्षानुवर्षे वर्गात हेच सांगत आलो. छायाचित्र नाही हे खरे. पण तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झालेल्या, तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या करत गावे बदलणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या शिक्षकाचे छायाचित्र नसणे यात नवल ते काय? त्या काळी किती शाळामास्तरांची छायाचित्रे निघत होती? दारिद्र्याचा पुरावा आपण स्वभावाचा पुरावा म्हणून वापरत आहोत, असे निदान आम्हांला आता वाटते.

त्यांचा स्वभाव संकोची असेलही. आप्तस्नेह्यांच्या आठवणी तसेच सांगतात. प्रश्न त्यापुढचा आहे. या संकोची माणसाने १८९३ साली ‘तुतारी’ लिहिली. जुने मोडून काढायला निघालेली, मराठी काव्यातली सर्वांत मोठ्या आवाजाची कविता. त्याआधी, १८८८-८९ या दोन वर्षांत, अस्पृश्य मुलाला पडलेल्या प्रश्नावर आणि उपाशी मजुरावर त्यांच्या कविता झालेल्या होत्या. सभा गाजवणाऱ्या अनेक सुधारकांच्या लेखणीला ज्या विषयांपर्यंत पोहोचायला वेळ लागला, तेथे हा सभेत न दिसणारा माणूस आधी पोहोचला होता. ‘झपूर्झा’ही ‘तुतारी’च्याच वर्षातली. आमच्या अभ्यासक्रमात मात्र ‘तुतारी’ सामाजिक जाणिवेच्या रकान्यात पडते, ‘झपूर्झा’ आत्मनिष्ठेच्या; आणि विद्यार्थी परीक्षेत लिहितात की केशवसुत आधी बहिर्मुख होते, नंतर अंतर्मुख झाले. तीन-चार महिन्यांच्या अंतराने एवढे परिवर्तन घडवणारा कवी विरळाच म्हणायचा! चूक विद्यार्थ्यांची नाही, रकाने पाडणाऱ्यांची आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही शिक्षक असूनही विसरतो. केशवसुत शिक्षक होते. फैजपूरला आणि अखेरीस धारवाडला ते रोज वर्गासमोर उभे राहिले. नारायण वामन टिळकांसारखा मित्र त्यांना लाभला. थोडी माणसे असणे म्हणजे माणसे नसणे नव्हे. धारवाडला शिकवत असतानाच हुबळीला प्लेगने त्यांचा अंत झाला आणि आठवडाभरात त्यांच्या पत्नीही गेल्या. कविता पुस्तकरूपाने आली ती मृत्यूनंतर, हरि नारायण आपट्यांच्या पुढाकाराने.

पुढे त्याच धारवाडात मराठीतला दुसरा प्रसिद्ध एकलकोंडा माणूस राहिला. जी. ए. कुलकर्णी हेही शिक्षकच. सुमारे तीस वर्षे त्यांनी तेथे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले. जी.एं.विषयीची दंतकथा साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. काळा चष्मा, समारंभांना नकार, बंद दार. माणूसघाणा हा शब्द त्यांच्याइतका क्वचितच कोणाला चिकटला असेल. आणि त्यांच्या कथेतला अंधार, नियती, निर्जन वाटा यांचा उगम याच स्वभावात शोधण्याची समीक्षेला सवय लागली.

या दंतकथेला त्यांच्या पत्रांनी मोठाच तडा दिला. निवडक पत्रांचे चार खंड निघाले. त्यांतला पहिला सगळा सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. सुनीताबाईंची बाजू ‘प्रिय जी.ए.’ या पुस्तकातून २००३ साली समोर आली. ही पत्रे वाचताना भेटणारा माणूस गप्पिष्ट आहे, खट्याळ आहे, स्वतःची टर उडवणारा आहे, आणि पुस्तकांविषयी बोलू लागला की थांबत नाही. त्यांच्या मावसबहीण नंदा पैठणकर यांच्या ‘प्रिय बाबुआण्णा’तून घरातला, बहिणींचे सारे करणारा भाऊ दिसतो. क्लबात जाऊन पत्ते खेळणारा जी.ए. तर दंतकथेत बसतच नाही. आणि ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ हे त्यांचे मृत्यूनंतर आलेले पुस्तक! लहानपणी पाहिलेल्या साध्यासुध्या, विक्षिप्त, फाटक्या माणसांकडे इतक्या बारकाईने, इतक्या लोभाने पाहणाऱ्याला माणसांची घाण येत होती, असे कोणी कसे म्हणावे? त्यांना समारंभ नको होता. समारंभ आणि माणसे एकच, हे समीकरण आपले आहे.

आमच्या दोघींत येथे थोडा मतभेद आहे. आमच्यापैकी एकीला वाटते, की जी.एं.च्या कथेतील एकाकीपणाचा आणि त्यांच्या राहणीचा काहीच संबंध नाही असे म्हणणे हा उलट्या बाजूचा अतिरेक होईल. दुसरीला तो संबंध सिद्ध करता येण्याजोगा वाटत नाही, आणि जे सिद्ध होत नाही ते वर्गात सांगू नये असे तिचे मत आहे. यावर एकमत होण्याची चिन्हे नाहीत.

मात्र अशा लेखनाने एक नवाच गैरसमज तयार होतो, त्याची भीती वाटते. गप्प बसणाऱ्या प्रत्येकात एक केशवसुत किंवा जी.ए. दडलेला आहे, असा. नसतो. बहुतेक अंतर्मुख माणसे कविता करत नाहीत. पोस्टात, बँकेत, भाताच्या शेतात काम करतात, आणि त्यांना प्रतिभेचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय गप्प राहण्याची मुभा असायला हवी. आणि दुसरे असे, की गप्प असणारा प्रत्येक जण अंतर्मुखही नसतो. काहींचे बोलणे बंद केलेले असते. बायकांचे, जातीच्या उतरंडीत खाली ढकललेल्यांचे मौन आपण शतकानुशतके स्वभाव म्हणून खपवले.

आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच झाले होते, हे पुष्कळ उशिरा कळले. अलोरे हे तसे संगमेश्वरी बोलीच्या पट्ट्यातले गाव. कोयना प्रकल्पाच्या कामाने तेथे वसाहत झाली, घाटावरून आणि इतर भागांतून नोकरदार कुटुंबे आली, आणि एकाच गावात दोन मराठी शेजारी नांदू लागल्या. वसाहतीतली मराठी पुस्तकाजवळची, वाडीवरची पुस्तकापासून लांबची. ही मुलगी वाडीवरची. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी तिने आजीकडून जात्यावरच्या ओव्या आणि नमनातली बोलणी उतरवून आणली होती. वही जाडजूड, टिपणे चोख, आजीशी झालेला संवाद शब्दशः. ही वही वाचताना आम्हांला तिची आई आठवली, ‘घरात तोंड मिटत नाय’. मग तिच्या एका मैत्रिणीने सांगितले, की प्रथम वर्षाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती वर्गात उभी राहून बोलली होती. तिच्या एका उच्चाराला बाईंनी तिथल्या तिथे दुरुस्त केले आणि वर्ग हसला. त्यानंतर ती बोलली नाही.

त्या बाई म्हणजे आमच्यापैकीच एक. तिला तो प्रसंग आठवतही नाही.

गुण बदलता येत नव्हते. पत्रके केव्हाच पुढे गेली होती. प्रकल्पाला आम्ही भरपूर गुण दिले, पण सात ते सातच राहिले. ती मुलगी आता लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे आणि एस.टी.त भेटली की खूप बोलते, संगमेश्वरीत.

त्याच वर्षी वर्गात एक मुलगा होता. वक्तृत्वाची पारितोषिके त्याने आणली, तोंडी परीक्षेत अठरा गुण मिळवले, त्याच्या शेऱ्यात आम्ही ‘बहिर्मुख, उत्साही’ असे लिहिले. निरोप समारंभाच्या दिवशी भाषण करून तो दिसेनासा झाला. शोधले तेव्हा ग्रंथालयाच्या मागच्या पायरीवर एकटाच डबा खात बसला होता. काही झाले का, असे विचारले. “काही नाही मॅडम,” तो म्हणाला, “भाषण झालं की मला जरा वेळ कोणी नको असतं. नेहमीच.”