ट्रॅक्टरचा गिअर आणि जेसीबीतले तेल

मेहकर तालुक्यातल्या डोणगावच्या शिवारात ट्रॅक्टरही दिसतो आणि जेसीबीही. ट्रॅक्टरवाल्याचा डावा पाय सारखा क्लचवर. जेसीबीवाला मात्र स्टिअरिंगजवळची दांडी सरकवून मागे-पुढे होतो. मग ट्रॅक्टर मागासलेला का, असे एखादा विद्यार्थी विचारील. उत्तरासाठी जहाजांकडे वळावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांवर वाफेचे टर्बाइन आले. टर्बाइन वेगाने फिरले तरच परवडते. जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. एवढी शक्ती पेलणारी दातेरी चाके तेव्हा घडवणे कठीण होते. श्टेटिनच्या (आता पोलंडमध्ये) गोदीतील अभियंते हर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली निराळ्याच युक्तीचे पेटंट घेतले. इंजिनाने एक चक्र फिरवायचे, त्याने द्रव समोरच्या चक्रावर फेकायचा आणि मधल्या स्थिर पात्यांनी त्या द्रवाची दिशा वळवायची. हाच टॉर्क कन्व्हर्टर. चालू टेबलफॅनसमोर बंद फॅन ठेवून वर्गात याची कल्पना देता येते; मात्र फिरवण्याचा जोर वाढतो तो स्थिर पात्यांमुळे, हे सांगायला विसरू नये.

पुढे जहाजांना चांगली दातेरी चाके मिळाली, आणि कन्व्हर्टर दुसऱ्या महायुद्धानंतर बुलडोझर व लोडरमध्ये रुळला. लोडरची बकेट ढिगात घुसते तेव्हा यंत्र अडते. साधा क्लच असता तर इंजिन बंद पडते, नाहीतर क्लचप्लेट जळते. कन्व्हर्टरमध्ये चाके थांबली तरी इंजिन फिरत राहते, आणि नेमका तेव्हाच जोर सर्वाधिक, दुपटीहूनही जास्त होतो. पण शक्ती म्हणजे जोर गुणिले फिरण्याचा वेग. चाकांचा वेग शून्य, म्हणून चाकांना मिळालेली शक्तीही शून्य. सगळे डिझेल तेल तापवण्यात गेले!

नांगरटीत असे वारंवार अडणे नसते. तास लांब, ओढ बरीचशी सारखी. तिथे दातेरी चाकेच किफायतशीर. १९१७ च्या फोर्डसनला पुढचे तीनच गिअर होते. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर मुंबईत ट्रॅक्टर कंपनी काढली. त्या घराण्यातल्या बी-२७५ ला पुढचे आठ गिअर मिळाले. गिअर वाढण्यामागे अवजारांचाही वाटा आहे. रोटाव्हेटरचा शाफ्ट मिनिटाला साधारण ५४० फेरे फिरलाच पाहिजे, मग ट्रॅक्टर मऊ रानात चालो की काळ्या जमिनीच्या टणक ढेकळांत.

उन्हाळ्यात याच ट्रॅक्टरला पुढे लोडर जोडून शेणखताचे ढीग भरतात. अर्धा क्लच दाबून दिवसभर मागे-पुढे केले की पेरणीच्या तोंडावर क्लचप्लेटचा खर्च उभा राहतो.