शके १७९८ च्या दुष्काळांतील कामकरी व ‘ऐतखाऊ’पणाचा आरोप

दुष्काळांच्या इतिहासाचीं साधनें आपणांकडे थोडीं नाहींत. परंतु तीं बहुतेक सर्व देणाऱ्याच्या बाजूचीं आहेत. कमिशनांचे छापील अहवाल, कलेक्टरांचीं पत्रकें, गव्हर्नरांचीं टिपणें, देणगीदारांच्या याद्या हें सर्व मिळतें. ज्यानें दिवसभर खडी फोडून संध्याकाळीं पदरांत धान्याचा दाम घेतला, त्याच्या बाजूचा कागद मात्र क्वचितच दृष्टीस पडतो. यामुळें मदत घेणारा मनुष्य गरजू होता कीं आळशी होता, हा निवाडा देणाऱ्याच्याच तोंडून ऐकण्याची आपणांस संवय झाली आहे. इ. स. १८७७ सालीं दख्खनच्या कामकऱ्यांवर असाच एक निवाडा दिला गेला. तो कसा दिला गेला, आणि ज्या पुराव्यावर तो उभा केला तो पुरावा खरोखर काय सांगतो, एवढेंच येथें तपासावयाचें आहे.

शके १७९८ च्या, म्हणजे इ. स. १८७६ च्या, पावसाळ्यानें दख्खनच्या पठारास दगा दिला. पुणें, सातारा, नगर, सोलापूर व दक्षिणेस विजापुराकडील तेव्हांचा कलादगी जिल्हा, यांतील पूर्वभाग कोरडा ठणठणीत राहिला. पेरणी नाहीं म्हणून खुरपणी नाहीं, खुरपणी नाहीं म्हणून काढणी-मळणी नाहीं. अशा वेळीं बलुत्यावर व रोजमुऱ्यावर जगणाऱ्या मनुष्याचें उत्पन्न धान्याचा भाव चढण्याच्या आधींच बंद पडतें. विणकऱ्यांचीहि तीच गत. ज्वारी महाग झाली कीं लुगडें कोण घेतो? बाजारांत दाणा होता, रेल्वेनें येतहि होता. तो विकत घेण्यास लोकांजवळ पैसा नव्हता. पुढें १८८० सालच्या दुष्काळ कमिशननेंहि मान्य केलें कीं, हिंदुस्थानांतील दुष्काळ हा अन्नाच्या टंचाईपेक्षां रोजगाराच्या टंचाईचा असतो. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत धरावी, कारण पुढील सर्व वाद तीवर अवलंबून आहे. कामावर आलेले लोक भिकारी नव्हते; ते रोजगार बुडालेले कामकरी होते.

आरंभीं कलेक्टरांनीं गांवांच्या आसपास रस्ते, तळीं, विहिरी अशीं लहान कामें काढलीं. मोठीं कामें इमारतखात्याकडे होतीं: नीरेचा डावा कालवा, सोलापूर जिल्ह्यांतील आष्टीचा तलाव, धोंड-मनमाड रेल्वेचा मातीबांध. हीं कामें आजहि जागेवर आहेत व वापरांत आहेत. ‘दुष्काळी काम’ म्हणजे निरुपयोगी काम, असा जो समज पांढरपेशांत रूढ आहे, त्याला हीं तीन नांवें पुरेशीं उत्तर आहेत.

इतक्यांत १८७७ च्या जानेवारींत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळाचे प्रतिनिधि नेमून मद्रास व मुंबई इलाख्यांकडे पाठविलें. टेंपल यांचें पूर्ववृत्त जाणल्यावांचून पुढील प्रकरण उलगडत नाहीं. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळांत त्यांनींच ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून सढळ हातानें वांटला होता. त्या वर्षीं भूकबळी फार थोडे झाले. तांदूळ मात्र पुष्कळ शिल्लक राहिला, आणि विलायतेंतील पत्रांनीं टेंपल यांवर उधळेपणाचा ठपका ठेवला. माणसें वांचविल्याबद्दल ज्या अधिकाऱ्यास बोल लागला, तोच तीन वर्षांनीं काटकसरीचा हुकूम घेऊन दक्षिणेंत उतरला. मनुष्यस्वभाव पाहतां तो आतां हात आंखडून वागणार हें उघड होतें. त्याच वर्षाच्या एप्रिलअखेर सर फिलिप वुडहौस यांच्या जागीं ते मुंबईचे गव्हर्नरहि झाले, म्हणजे स्वतःच घालून दिलेली रीत चालविण्याचें काम त्यांच्याच हातीं आलें.

टेंपल यांनीं ठरविलेली मजुरी ‘एक पौंडाची मजुरी’ म्हणून प्रसिद्ध आहे: पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य अथवा त्याची किंमत, व वर मीठ-मिरची, सरपण यांसाठीं किरकोळ रोकड, बायकांस व मुलांस त्याहून कमी. एक पौंड म्हणजे ऐंशीं तोळ्यांच्या पक्क्या शेरानें अर्ध्या शेराला तोळाभर कमीच. दिवसभर उन्हांत माती वाहणाऱ्या मनुष्यास इतक्यांत भागत नाहीं हें सांगण्यास वैद्य लागत नाहीं. तरी मद्रासचे आरोग्यखात्याचे कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीं तें आंकडे मांडून सांगितलें, व दीड पौंड धान्य आणि त्यासोबत डाळ-भाजी मागितली. मद्रास सरकारनें मार्चमध्यें शिधा सवा पौंडावर आणून थोडी डाळ जोडली. इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सरकारकडे पत्रावर पत्रें धाडलीं. तुरुंगांतील कैद्यास याहून अधिक धान्य मिळतें, हा त्या पत्रांतील मुद्दा सरकारास फार झोंबला असावा. गुन्हा करून तुरुंगांत जाणाराला जें मिळतें, तें न करतां कामावर जाणाराला मिळूं नये, हें तर्कशास्त्र कोणालाहि समजावून देणें कठीण होतें.

मजुरी कमी करण्याबरोबरच दुसरी कसोटी लावली गेली, ती अंतराची. गांवाशेजारचीं कामें बंद करून लोकांस दहा दहा मैल व त्याहून दूरच्या मोठ्या कामांवर जाण्यास सांगण्यांत आलें. यामागील विचार असा कीं, ज्याला खरीच गरज आहे तो लांबहि जाईल. जो जाणार नाहीं त्याला गरज नाहीं. यावर दख्खनच्या जिल्ह्यांतून हजारों लोकांनीं कामें सोडलीं. सरकारी कागदांत या प्रकारास ‘संप’ म्हटलें आहे, आणि आमच्या मतें तें नांव योग्य आहे. सभेचे चिटणीस गणेश वासुदेव जोशी, ज्यांस पुणेंकर सार्वजनिक काका म्हणत, व त्यांचे सहकारी यांनीं कामकऱ्यांची बाजू मांडली: घरीं म्हातारीं माणसें व उरलींसुरलीं जनावरें टाकून कसें जावें? उघड्या माळावर मुलांसह रात्र कोठें काढावी?

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. कामांवरील हजेरी घटतांच ती घट हीच लोक गरजू नसल्याची साक्ष मानली गेली. टेंपल यांच्या या काळांतील एका टिपणाचा आशय असा कीं, या गरिबांस बसून खाण्याची भारी ओढ असते, हुकुमाप्रमाणें घरापासून दूर जाण्याची धास्ती असते, आणि साधा हुकूम मानण्यापेक्षां ते कमालीचे हाल सोसणें पतकरतात. पत्रपरीक्षेची संवय असलेल्या वाचकानें या वाक्याचे तीन तुकडे वेगळे करून पाहावे. ज्याला बसून खावयाचें आहे तो कमालीचे हाल सोसीत नाहीं. आणि जो हाल सोसतो, पण जात नाहीं, त्याच्या न जाण्याचें कारण आळसाहून निराळें असलें पाहिजे. वाक्याचा उत्तरार्ध पूर्वार्धाला खोडून काढतो. लिहिणाऱ्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें उत्तरार्धांत आहे. पूर्वार्ध तो विलायतेहून बरोबर घेऊन आला होता.

‘विलायतेहून’ हें आम्ही सहज म्हणत नाहीं. इंग्लंडांत १८३४ सालीं गरिबांविषयींचा नवा कायदा झाला. मदत घेणाराची स्थिति हलक्यांतील हलक्या स्वतंत्र मजुराच्या स्थितीहूनहि वाईट ठेवावी, म्हणजे खरा गरजू असेल तोच येईल, हें त्याचें सूत्र. आणि त्यासाठीं सर्व देशभर श्रमगृहें उभारलीं गेलीं. माल्थस हा हेलिबरी येथील कंपनीच्या विद्यालयांत १८०५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८३४ पर्यंत, इतिहास व अर्थशास्त्र शिकवीत होता. टेंपल हे त्याच विद्यालयांत, माल्थसच्या पश्चात्, तयार झाले. माळावरच्या छावणींत इंग्रजी श्रमगृहच भिंतींवांचून उभें होतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आमच्याकडील जुनी दृष्टि निराळी होती काय? होती, परंतु तिचेंहि गोडवे फार गाण्यांत अर्थ नाहीं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचें आख्यान घरोघर ठाऊक आहे. बेदरच्या बादशहाचीं कोठारें त्यांनीं लोकांस खुलीं केलीं असें त्यांत सांगतात. धान्य नेणारांपैकीं लायक कोण व नालायक कोण, हा प्रश्न त्या कथेंत कोणीच विचारीत नाहीं. अन्नछत्रें व सदावर्तें यांतहि काम करवून घेण्याची अट नसे. पण पंक्ति कोणाची व उष्टें कोणाचें, हा भेद तेथें होताच. पेशव्यांच्या श्रावणमासच्या दक्षिणेंत हजारों ब्राह्मणांस पर्वतीच्या रमण्यांत द्रव्य मिळे. त्यांना ऐतखाऊ म्हणण्याचें धाडस लोकहितवादींपूर्वीं फारसें कोणीं केलें नाहीं. कंपनी सरकारनेंहि ती दक्षिणा कमी करून पुढें चालविली होती. दान घेऊन आळशी होण्याची भीति कुणब्याच्या व महाराच्या बाबतींतच सर्वांस अधिक वाटत आली आहे, मग देणारा इंग्रज असो कीं स्वदेशी.

या काळीं निराळ्या वृत्तीनें वागलेलीं माणसेंहि होतीं. सत्यशोधक समाजानें १८७७ सालीं पुण्याजवळ धनकवडी येथें दुष्काळग्रस्त मुलांसाठीं आश्रम उघडला, व त्यासाठीं जोतीराव फुले यांनीं मे महिन्यांत मदतीचें आवाहन काढलें. सावित्रीबाईंचें जुन्नर तालुक्यांतील ओतूर येथून त्याच वर्षाच्या एप्रिलांत जोतीरावांस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. त्यांत उपाशी माणसें, मरणारीं गुरें, गांव सोडून चाललेलीं कुटुंबें व सावकारांचा लोभ यांचें वर्णन आहे. मदत घेणारा लायक आहे कीं नाहीं याची चिकित्सा मात्र नाहीं. सरकारी टिपणाशेजारीं हें पत्र ठेवून वाचावें.

संप करणारांस खरोखरच गरज नव्हती काय, याचें उत्तर खानेसुमारीनें दिलें. सोलापूर जिल्ह्याची १८७२ सालीं सात लाखांवर असलेली लोकसंख्या १८८१ सालीं सहा लाखांच्या आंत आली. कलादगीची आठ लाखांवरून साडेसहा लाखांच्या आंत. यांत देशांतर करून न परतलेलेहि आहेत हें खरें, आणि सर्व तूट मृत्यूंची धरणें चुकीचें होईल. तरी सर्व ब्रिटिश मुलखांत या दुष्काळांत पन्नास लाखांहून अधिक माणसें नेहमीपेक्षां जास्त मेलीं, असें खुद्द कमिशननेंच धरलें आहे.

सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील या कमिशननें १८८० सालीं अंतराची सक्ति गैर ठरविली, परंतु श्रमाची कसोटी कायम ठेवली. आणि मदत हा गरिबांचा हक्क आहे हें तत्त्व स्वीकारण्यास नकार दिला. कारण असें दिलें कीं, दुष्काळांत हक्क मानला तर उद्यां तो सदासर्वकाळचा हक्क होईल. त्या नकाराची भाषा आम्हांस टेंपल यांच्या टिपणापेक्षां अधिक प्रामाणिक वाटते. तेथें गरिबाच्या स्वभावावर दोष न ठेवतां खर्चाचें भय सरळ सांगितलें आहे.

तरीहि १८८३ च्या मसुद्यावरून तयार झालेल्या दुष्काळी कायद्यांनीं एक गोष्ट नकळत केली: सरकारनें केव्हां काय करावें हें छापून ठेवलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत टिळकांच्या पक्षाच्या हातीं आलेल्या सार्वजनिक सभेनें नेमकी हीच गोष्ट हेरली. कायद्यांतील कलमें मराठींत सोपीं करून पत्रकें वांटलीं गेलीं, माणसें खेडोपाडीं पाठविलीं गेलीं, आणि कामकऱ्यास सांगितलें गेलें कीं ही भीक नव्हे, हा तुझा कायदा आहे. सरकारनें १८९७ सालीं सभेची मान्यताच काढून घेतली. मजूर आळशी आहे या आरोपानें जितका राग येत नसे, तितका मजुराला कायदा वाचतां येऊं लागल्यानें आला! १८९९-१९०० च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत ठरलेलें काम पुरें न करणारास ‘दंडाची किमान मजुरी’ देण्याचा प्रकार पुन्हा दिसतो. तेव्हां जुनी दृष्टि गेली होती असें नाहीं.

पुढील कथा वाचकांच्या आठवणींतील आहे म्हणून ती लांबवीत नाहीं. १९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत एका वेळीं पन्नास लाखांच्या घरांत माणसें कामांवर होतीं, आणि खडी फोडणारांत चांगले जमीनदारहि होते. वि. स. पागे यांनीं पुरस्कारलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. १८८० सालीं नाकारलेला हक्क त्यानें दिला, आणि त्यासाठीं शहरांतील नोकरदारांवर व्यवसायकर बसला. २००५ च्या केंद्रीय कायद्यांत तर पांच किलोमीटरांपलीकडे काम दिल्यास मजुरी वाढवून देण्याची तरतूद आली. म्हणजे टेंपल यांची अंतराची कसोटी नेमकी उलटी झाली: लांब पाठविण्याचा दंड आतां पाठविणाराला. शारीरिक श्रम व बेताची मजुरी ही कसोटी मात्र दोन्ही कायद्यांत राहिली.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. कुळकर्णी व पाटील घराण्यांच्या दप्तरांत १८७६ ते १८७८ चे रुमाल ‘अलीकडचे’ म्हणून बाजूस टाकले जातात, क्वचित् रद्दींतहि जातात. त्यांत कामावर गेलेल्यांच्या याद्या, हजेरीपट, परागंदा कुळांच्या नोंदी, तगाईच्या व गहाणाच्या चिठ्या असण्याचा संभव आहे. जानेवारी ते मे १८७७ या पांच महिन्यांतील एकाच गांवची यादी जरी हातीं आली, तरी काम सोडून परत आलेल्यांपैकीं पुढील सालच्या कुळांच्या यादींत कितीजण राहिले हें नांवनिशीवार मोजतां येईल. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते मोडीचें अक्षर लागत नाहीं म्हणून पडूं न देतां मंडळास पाहावयास द्यावे. नकला करून मूळ कागद परत केले जातील.